शिंगाडे सरांची सगुणा

शिंगाडे सरांना एखादी गोष्ट मनापासून आवडली, की ती आणखी कुणाला आवडलेली त्यांना खपत नसे. न्हावऱ्याच्या स्टँडजवळ एका हॉटेलात भजी चांगली मिळायची. शाळा सुटली की आम्ही दोघं तिथं जायचो. पुढं मुख्याध्यापकही तिथं यायला लागले, भजीची तारीफ करायला लागले, तसं सरांनी ते हॉटेल सोडलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आता तिथं फार गर्दी असते." गर्दी म्हणजे एकटे मुख्याध्यापक.

नव्वदीचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो. शिंगाडे सर मराठी शिकवायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, उंच, काटक. मूळचे खुटबावचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. सरांनी जन्मात कधी मेंढरं राखली नाहीत, पण चालायचे वडिलांसारखे. काठीऐवजी छत्री मानेवर आडवी टाकायची, तिच्यावर दोन्ही हात लोंबते सोडायचे आणि ढांगा टाकत शाळेत यायचे. आमच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या, पुढं एकच सामाईक ओटा. त्यांचा एकुलता मुलगा यवतला मामाकडं राहून शिकत होता. तो सुट्टीत आला आणि मामाच्या सायकलच्या दुकानाचं कौतुक करायला लागला, की सरांचं जेवणावरचं लक्ष उडायचं.

रागावले म्हणजे सर आरडाओरडा करत नसत. चेहरा अगदी शांत ठेवायचे आणि म्हणायचे, "असू द्या. तुमचं चालू द्या." हे वाक्य कानावर आलं, की समोरच्यानं समजावं, आता आठवडाभर काही खरं नाही. एकदा मी त्यांना न सांगता गणिताच्या सरांबरोबर चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी ते मला "आपण" म्हणायला लागले. "आपण आलात? बसावं." शेवटी मी त्यांना मुद्दाम स्टँडवर नेऊन चहा पाजला, तेव्हा मी पुन्हा "तुम्ही" झालो.

गणिताचे सर त्यांच्या डोळ्यांत फार खुपायचे. मुलांना गणिताचे सर आवडायचे. ते हसवायचे, क्रिकेटवर बोलायचे. एका शिक्षक दिनाला मुलींनी त्यांना गुलाबाची फुलं दिली. त्यानंतरचे काही दिवस शिंगाडे सरांनी मुलांना गृहपाठच दिला नाही, उलट तासाला गोष्टी सांगितल्या. पोरं वस्ताद. गृहपाठ नको असला, की शिंगाडे सर व्हरांड्यातून येताना दिसताच वर्गात कुणीतरी मोठ्यानं म्हणायचं, "काय शिकवतात राव गणिताचे सर." हा उपाय बरीच वर्षं चालला. सरांना तो कधी कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी चालू दिला.

पण हे सगळं किरकोळ. त्यांचा खरा जीव होता तो एका कादंबरीत. 'सगुणेचं पाणी' तिचं नाव. आता ती कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. सगुणा एका मेंढपाळाची बायको. नवरा मेंढरं घेऊन दूर मुलखात जातो आणि परत येतच नाही. ती शेत पिकवते, सासऱ्याचं करते, लेकरू वाढवते. कैक वर्षांनी तो एका दुपारी दारात येऊन उभा राहतो. सगुणा त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवते, एक शब्द बोलत नाही, आणि खुरपं घेऊन रानात निघून जाते. तिथं कादंबरी संपते.

डी.एड.ला असताना सरांनी ती दौंडच्या स्टेशनवर विकत घेतली होती. गाडीला वेळ होता म्हणून बाकड्यावर बसून चाळायला लागले. खुटबावला जायची पॅसेंजर समोरून निघून गेली, तरी यांनी मान वर केली नाही. त्यांच्या घरीही तेच झालं होतं. वडील मेंढरं घेऊन गेले ते तीन पावसाळे आले नाहीत. आले त्या दिवशी आईनं त्यांच्यापुढं तांब्या ठेवला आणि ती रानात गेली. सर तेव्हा पाच-सहा वर्षांचे, दारात उभे होते. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. "लेखकाला आमची आई कुठं दिसली असेल हो?" ते मला विचारायचे. मग लगेच, जणू मी ती कादंबरी उचलून नेणार आहे अशा नजरेनं माझ्याकडं बघायचे.

ते पुस्तक त्यांनी कुणाच्या हातात दिलं नाही. शाळेत एक नव्या बाई आल्या होत्या, वाचनाची आवड असलेल्या. त्यांनी फारच गळ घातली, तेव्हा सर म्हणाले, "घरी या, ओट्यावर बसून वाचा." त्या बिचाऱ्या रविवारी आल्या. सर समोर पाटावर बसून राहिले, त्या पान उलटायच्या तसे यांचे डोळे हलायचे. मध्येच विचारायचे, "हसलात का? तिथं हसण्यासारखं काही नाही." बाईंनी तीन प्रकरणं वाचली, डोकं दुखतंय म्हणाल्या आणि गेल्या. पुन्हा म्हणून त्यांनी वाचनाचा विषय काढला नाही.

पुढं गावातल्या वाचनालयात देणगीच्या पुस्तकांत त्याच कादंबरीची एक प्रत आली. सरांना ही बातमी मीच दिली. मला वाटलं, आनंद होईल. त्याच संध्याकाळी ते वाचनालयात जाऊन ती प्रत घेऊन आले. मुदत संपली की जायचे, शिक्का मारून आणायचे आणि पुन्हा घरी घेऊन यायचे. वर्ष-दीड वर्ष हा प्रकार चालला. वाचनालयाचे म्हातारे आप्पा एकदा म्हणाले, "सर, लईच अवघड पुस्तक दिसतंय." सर म्हणाले, "हो. सगळ्यांना झेपायचं नाही."

दोनच ठिकाणी ते कादंबरी मोकळी सोडायचे. दहावीच्या निरोपाआधीच्या शेवटच्या तासाला ते शेवटचं प्रकरण वाचून दाखवत. मी एकदा खिडकीबाहेर उभा राहून ऐकलं. एरवी रूक्ष वाटणारा हा माणूस त्या तासाला ओळखू यायचा नाही. तांब्या जमिनीवर टेकला, एवढंच वाक्य, पण ते वाचताना त्यांचा हात खरोखर खाली यायचा. मग पुस्तक मिटायचे आणि सांगायचे, "बोलली नाही ती. बोलणं सोपं असतं, पोरांनो. न बोलणं बघा."

दुसरं ठिकाण त्यांचं घर. लग्न झालं त्या वर्षीपासून ते ती कादंबरी इंदूवहिनींना वाचून दाखवायचे. दर पावसाळ्यात एकदा पुरी व्हायची. वहिनी सातवी शिकलेल्या, बेताच्या उंचीच्या, हसऱ्या. त्या शेंगा फोडत किंवा गहू निवडत ऐकायच्या. सरांची एकच तक्रार असायची. "हिला कधी रडू येत नाही," ते मला हळूच सांगायचे. "मला वाचताना येतं. हिला ऐकताना येत नाही."

वहिनींच्या बाबतीत तर सरांचा हा स्वभाव फारच नडायचा. त्या शैलाशी, म्हणजे माझ्या बायकोशी, ओट्यावर हसत बसल्या, की सर आतून पाणी मागायचे. पाणी दिलं की चष्मा मागायचे. एकदा यष्टीत वहिनींना माहेरची कुणी बाई भेटली. त्या तिच्याशेजारी बसून यवतपर्यंत बोलत गेल्या. सर मागच्या सीटवर. उतरल्यावर म्हणाले, "असू द्या. तुमचं चालू द्या." त्यांनी वहिनींना कधी वाईट शब्द वापरला नाही, अडवलंही नाही. पण हसून झाल्यावर प्रत्येक वेळी त्याचा हिशेब द्यावा लागतो, असं झालं, की माणूस हळूहळू कमी हसतो. शैला मला म्हणायची, "वहिनी माझ्याजवळ जेवढं बोलतात ना, त्याच्या पाव हिश्शानंही घरात बोलत नाहीत."

आणि मग एका उन्हाळ्यात शिरूरच्या टॉकीजला त्या कादंबरीवरचा पिक्चर लागला.

रिक्षावर भोंगा लावून गावोगाव पुकारत आले. स्टँडच्या भिंतीवर पोस्टर चिकटलं. पिक्चरचं नाव 'धनी आले दारी'. सर पोस्टरसमोर बराच वेळ उभे होते. नटीच्या ओठांना रंग होता, डोक्यावर हंडा होता आणि ती मान वेळावून हसत होती. "सगुणेचं नाव काढून टाकलं," सर म्हणाले. "धन्याचं घातलं." पानटपरीवरचा पोरगा शेजाऱ्याला सांगत होता, सगुणा लई भारी हाय म्हणे. ते ऐकून सरांनी छत्री उघडली. ऊन नव्हतं, संध्याकाळ झाली होती.

मुख्याध्यापकांना कल्पना सुचली, की दहावीला बसलेल्या मुलींना सवलतीच्या दरात नेऊ या आणि शिंगाडे सरांनी आधी दोन शब्द बोलावेत. सरांना त्याच दिवशी ताप आला. ताप अर्थातच नव्हता. मुली गेल्या, गणिताचे सर बरोबर गेले. परत येताना सगळ्या सगुणेच्या गोष्टी करत होत्या आणि त्यात दोघी-तिघी रडून डोळे लाल करून आल्या होत्या. सर खिडकीच्या फटीतून बघत होते.

रविवारी गल्लीतल्या बायका निघाल्या. शैला निघाली, तशी इंदूवहिनींनीही लुगडं बदललं. सरांना विचारलं नाही. जाते म्हणून सांगितलं. "असू द्या," सर म्हणाले. "तुमचं चालू द्या." त्या गेल्यावर दुपारभर ते ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. मला म्हणाले, "हिला आवडणार नाही बघा. हिला मूळ माहीत आहे."

संध्याकाळच्या यष्टीनं बायका परतल्या. वहिनींचा चेहरा सुजला होता. त्या कुणाशी न बोलता आत गेल्या आणि चुलीपाशी बसल्या. सरांनी शैलाला विचारलं, "हिला काय झालं?" शैला म्हणाली, "काही नाही हो सर, पिक्चरमध्ये फार रडल्या. शेवटी तर आवरेनाच."

मी सरांच्या तोंडाकडं बघत होतो. दुसऱ्या पुरुषाबरोबर बायकोला कुणी पाहिलं असं सांगितलं असतं, तरी त्यांचा चेहरा याहून वेगळा झाला नसता. इतकी वर्षं स्वतः वाचून दाखवलेली कादंबरी. एक टिपूस आलं नव्हतं. आणि त्या रंगवलेल्या बाईनं तीन तासांत रडवलं.

तीन दिवस ते वहिनींना आडून आडून विचारत राहिले. कुठं रडू आलं? सासरा जातो तिथं? दुष्काळात? वहिनी म्हणायच्या, "बघाल तवा कळंल." चौथ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, "मला परत बघायचाय. उद्या उतरतोय. तुम्ही येता का, का मी शैलाबरोबर जाऊ?"

त्याच दिवशी, गुरुवारी, आम्ही चौघं तीनच्या खेळाला गेलो. शिरूरचं ते टॉकीज लहान, वर पत्रा, बाल्कनी म्हणजे मागच्या चार रांगा जराशा उंच केलेल्या. माणसं थोडीच होती. पंखे होते, पण वारा अगदी खाली बसेल त्यालाच लागायचा. सर मध्ये बसले, एका बाजूला वहिनी, एका बाजूला मी.

पहिला अर्धा तास सरांचं तोंड बंद नव्हतं. घोंगडी अशी घेत नाहीत. हा रस्ता पुस्तकात नाही. सासरा इतका गोड नाही. मेंढरं हाकताना कुणी असं ओरडतं का? पुढच्या रांगेतला एक माणूस मागं वळून म्हणाला, "मास्तर, आमी तिकीट काढून आलोय." सर गप्प झाले. त्यानंतर मला दिसलं, की ते पडद्याकडं बघतच नाहीयेत. मान किंचित वळवून ते वहिनींकडं बघत होते. पडद्यावर उजेड झाला, की वहिनींचा चेहरा दिसायचा, अंधार झाला, की नाहीसा व्हायचा. सर उजेडाची वाट बघत बसलेले.

शेवटाच्या थोडं आधी रीळ तुटलं. दिवे लागले, खालून शिट्ट्या आल्या. वहिनी नीट सावरून बसल्या, पदर हातात गोळा करून. पुढं काय येणार आहे ते त्यांना माहीत होतं. सरांना ती कादंबरी तोंडपाठ होती आणि पुढं काय येणार ते माहीत नव्हतं. ते वहिनींना म्हणाले, "तांब्या ठेवून ती रानात जाते. एवढंच ना?" 

दिवे गेले. नवरा दारात आला. सगुणेनं आतून तांब्या आणला, त्याच्यापुढं धरला आणि त्यानं हात पुढं केला, तसा तिनं तो मागं घेतला. "पाणी मागनं," ती म्हणाली. "आदी ऐका." आणि ती बोलायला लागली. ओरडली नाही, रडलीही नाही. पहिल्या वर्षी काय झालं, दुसऱ्या वर्षी काय झालं, कोण दारावर आलं, कोणाला कसं परतवलं, लेकरानं बाप कसा असतो विचारलं तेव्हा तिनं काय सांगितलं. बराच वेळ ती बोलत होती. नटीच्या ओठांवरचा रंग त्या प्रसंगात नव्हता, किंवा असेल, मला दिसला नाही. सगळं सांगून झाल्यावर तिनं तांब्या खाली ठेवला.

वहिनी हुंदके देऊन रडत होत्या. शैलाही रडत होती. सर पुतळ्यासारखे बसले होते.

स्टँडवर न्हावऱ्याच्या गाडीला वेळ होता. आम्ही चौघं बाकड्यावर बसलो. सर म्हणाले, "पुस्तकात ती बोलत नाही. सगळं पुस्तक त्या न बोलण्यावर उभं आहे. यांनी मोडून टाकलं. आणि तुला तिथंच रडू आलं."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "तिथंच आलं."

"का?"

वहिनी समोरच्या यष्टीकडं बघत बोलल्या. "तुम्ही दरसाल वाचायचा. दरसाल मला वाटायचं, औंदा तरी ही बया बोलंल. तुम्ही पुस्तक मिटायचा आन् मला म्हणायचा, बघ, कशी गप राहिली. मला वाटायचं, मलाच सांगतायसा, तू बी गप राहा."

 गाडी लागली. आम्ही बसलो. वहिनी आणि शैला पुढच्या सीटवर बसल्या. न्हावरं येईपर्यंत सर खिडकीतून बाहेरचा ऊस बघत होते.

मला वाटलं, आता "असू द्या" सुरू होईल. तसं झालं नाही. रविवारी सकाळी ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, खुटबावला जाऊन येऊ, तुमची स्कूटर काढा. कशाला, ते सांगितलं नाही. भीमेचा पूल ओलांडून आम्ही दुपारपर्यंत खुटबावला पोचलो. सरांची आई थोरल्या मुलाकडं असायची. कांदे साठवायच्या चाळीपाशी बसून ती सडके कांदे बाजूला काढत होती. अंगानं वाळलेली, डोळे मात्र चलाख. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. पाणी पिण्याआधीच विचारलं. "आई, आबा तीन पावसाळ्यांनी आले, त्या दिवशी तू तांब्या दिलास आन् रानात गेलीस. काय बोलली न्हाईस."

म्हातारीचा हात थांबला. "कोण म्हणलं?"

"मी बघितलंय. मी दारात व्हतो."

"तांब्या दिला ते खरं हाय. तुम्हा पोरांदेखत काय बोलायचं? रानात गेले, तसं ते बी मागनं आले. तिथं मी बोलले. दिस मावळस्तवर बोलले. ते बांधावर खाली बसलेलं आन् मी हुभी. मधी उठाय लागले, तर म्हणलं, बसा, आजून झालं न्हाई."

सरांनी विचारलं, "काय बोललीस?"

"ते आमच्या दोघांतलं हाय." ती पुन्हा कांदे बघायला लागली. मग सहज म्हणाली, "इंदीला ठावं हाय. तिला सांगितलंय मी."

 परतताना भीमेच्या पुलावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणून मी स्कूटर थांबवली. ते कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यांचं इतक्या वर्षांचं काहीतरी हातातून सुटलंय, हे मला दिसत होतं, आणि मी धीराचे दोन शब्द शोधत होतो. तेवढ्यात ते वळून म्हणाले, "इंदूला सांगितलं. मला नाही."

मी स्कूटर स्टँडला लावून त्यांच्याजवळ गेलो.

"लग्नाच्या वर्षीच सांगितलं असणार. म्हणजे मी वाचायचो, तेव्हा हिला माहीत होतं. दरसाल. आणि ही शेंगा फोडत बसायची."

आई काय बोलली, ते त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनींनी सांगायला साफ नकार दिला. सासूबाईंनी विश्वासानं सांगितलंय, म्हणाल्या. तो सबंध उन्हाळा सर जळत राहिले. आईवर, बायकोवर, त्या दोघी चुलीपाशी बसून बोलल्या असतील त्या जुन्या दिवसांवर. मला म्हणायचे, "गुरव सर, आपल्या घरातलीच माणसं आपल्याला सोडून एकमेकांची होतात, हे तुम्हाला माहीत आहे का?"

पावसाळा लागला, तसं त्यांनी नेहमीप्रमाणं पुस्तक काढलं. वहिनींनी हात पुढं केला आणि म्हणाल्या, औंदा मी वाचते, माझं मी. सरांनी ते दिलं. कुणाच्या हातात पुस्तक देताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. वहिनी अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचायच्या, दिवाळी आली तरी चाललेलंच. सर ओट्यावरून जाता-येता विचारायचे, "कुठपर्यंत आलीस?" वहिनी पान हातानं झाकायच्या. वाचून झाल्यावर त्यांनी निकाल दिला, की पुस्तक चांगलं हाय, लिहिणाऱ्याला रान कळतंय, पण पिच्चरमधली सगुणा मला जास्त आवडली. सर त्या संध्याकाळी जेवले नाहीत. सकाळी मात्र वाचनालयाची प्रत आप्पांना परत करून आले.

त्या वर्षी दहावीच्या शेवटच्या तासाला मी पुन्हा खिडकीशी उभा राहिलो. सरांनी प्रकरण वाचलं. तांब्या टेकला, सगुणा रानात गेली, पुस्तक मिटलं. नेहमीचं वाक्य आलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "ती बोलली असती, तर काय बोलली असती?"  मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती एरवी प्रश्नाला कधी उत्तर द्यायची नाही. ती बोलायला लागली आणि थांबेना. घंटा झाली तरी बोलत होती. सर टेबलाला टेकून ऐकत होते. त्यांनी तिला मध्ये तोडलं नाही.

पुढं रांजणगावला कंपन्या आल्या. आसपासच्या गावांतून बायका पॅकिंगच्या कामाला जायला लागल्या. इंदूवहिनींनी एक दिवस सरांना सांगितलं, की सोमवारपासून मी जाणार आहे, नाव दिलंय. मास्तराची बायको कंपनीत, लोक काय म्हणतील, इथपासून सुपरवायझर कोण आहे, इथपर्यंत सरांनी सगळं काढलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी इचारत न्हाई. सांगतीय." भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू आलं. शैला भाकरी थापायची थांबली होती.

माझी बदली झाली, न्हावरं सुटलं. आठ-दहा वर्षांनी एका कामासाठी तिकडं गेलो होतो. संध्याकाळी फाट्यावर गाडीची वाट बघत होतो, तर रस्त्याच्या कडेला शिंगाडे सर. केस पांढरे झालेले, मोटरसायकल स्टँडवर लावून तिला टेकून उभे. मला बघून त्यांना फार आनंद झाला. निवृत्त झालो, म्हणाले. वहिनींना न्यायला आलोय, सहाची गाडी यायची वेळ झाली.

कंपनीची बस आली. सात-आठ बायका उतरल्या. वहिनी त्यांच्यात होत्या, जाड झालेल्या, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात डबा. त्या उतरल्या, पण आमच्याकडं आल्या नाहीत. बायकांचं बसमध्ये काहीतरी अर्धवट राहिलं होतं, ते रस्त्यात उभं राहून चाललं होतं. वहिनी हातवारे करून काहीतरी सांगत होत्या आणि बाकीच्या हसून वाकत होत्या.

मला माझी गाडी येताना दिसली. वहिनींना भेटून जावं म्हणून मी हाक मारायला गेलो, तर सरांनी माझा हात धरला.

"थांबा," ते म्हणाले. "बोलतीय ती. होऊ द्या तिचं."

मी थांबलो. माझी गाडी आली, मी पायरीवर पाय ठेवला. सर अजून तिकडंच बघत होते. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या बायकांचं बोलणं ऐकत होता. कंडक्टरनं घंटी मारली, तेव्हा सर माझ्याबरोबर दोन पावलं चालत आले आणि खिडकीशी तोंड आणून हलक्या आवाजात म्हणाले,

"पण तो ड्रायव्हर कशाला हसतोय?"